दोन नंबरचा हँडसेट

दिवा जरा मोठा कर आणि ऐक. कर्जतमध्ये कॉर्डलेस फोन दुरुस्त करणारी आता मी एकटीच उरलेय. माझ्या हाताखालून गेलेल्या फोनवर परक्याचा आवाज येत नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगते.

पळसदरीच्या छायाने बोलावलं, तेही याच कामासाठी. तिचे सासरे भिवाजीआबा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. त्यांनी उशाजवळच्या हँडसेटचं बटण दाबलं की स्वयंपाकघरातला मुख्य फोन वाजायचा आणि छाया माडीवर धावायची. त्यांची हाक ती एवढीच.

"पन मधीच दुसरंच कुनी बोलतंय," छाया हळूच म्हणाली. "बाई हाय. 'ह्यांना पाणी दे गं' म्हनते... तेवढा वेळ आबांची बेल लागत नाय. परवा खाटेवरनं पडले, मला पत्ताच नाय."

मला हसू आलं. धरणाकाठी एवढी फार्महाऊस झालीत. कुणी मालकीणबाई आपल्या 'ह्यां'ची काळजी करत असेल आणि तिची हाक चुकून इथे येत असेल.

मुख्य फोनात दोन हँडसेटची नोंद होती. एक नंबर आबांचा. दोन नंबर छायाच्या सासूबाईंचा. छाया या घरात यायच्या आधीच त्या वारल्या आणि त्यांचा हँडसेट भंगारात गेला. म्हणजे त्या रिकाम्या नोंदीतून परक्या फोनला घुसायला मोकळं दार. मी दोन्ही नोंदी पुसल्या आणि फक्त आबांच्या हँडसेटची एक नंबरवर नवी नोंद करून दिली.

माडीवर आबांच्या खोलीत मालिशच्या तेलाचा कोंदट वास होता. आबा सारखी मान हलवत होते. मग त्यांनी चांगल्या हाताची दोन बोटं वर केली.

"हो आबा, दोनच मिनिटं," मी म्हटलं.

बेल पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. खणखणीत. आम्ही खाली आलो, छायाने चहा टाकला. ऊन डोंगराआड गेलं होतं, घाटात मालगाडी कण्हत चढत होती. तिचा आवाज विरला आणि फोन वाजला.

"बघ, आबांची हाक," म्हणत मीच उचलला.

खरखर अजिबात नव्हती. अगदी कानाशी, दमलेला आवाज...

"ह्यांना कुशीवर वळव गं... लवकर..."

आम्ही जिना कसा चढलो ते आठवत नाही. आबा उताणे, ओकारी घशात अडकलेली, ओठ निळे पडलेले. त्यांचा हँडसेट हातातून निसटून खाटेखाली गेला होता. छायाने त्यांना कुशीवर घेतलं, मी पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळाने श्वास परतला. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

आबांनी पुन्हा दोन बोटं वर केली. छाया बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली,

"ताई... तो दोन नंबर तेवढा ऱ्हाऊ द्या."

मी मान डोलावली. निघताना मुख्य फोन एकदा तपासला. नोंद एकच होती, मी ठेवली होती तशी.

फक्त ती दोन नंबरची होती.