व्हिटकॉम्ब वकिलाचं पान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्या घरात घडलंय. अमेरिकेत, ट्रॉयला, मागच्या सर्वपित्रीला, भर दुपारी.

बारा वर्षं नोकरी करून घेतलेलं आमचं पहिलं घर. मूळ बांधलेलं व्हिटकॉम्ब नावाच्या वकिलाने, दीडशे वर्षांपूर्वी. पुढे तो राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. दारावरची त्याची पितळी पाटी आम्ही कौतुकाने तशीच ठेवली आणि खाली आपली लावली.

त्या दिवशी आईने बॅकयार्डमध्ये बाबांचं पान ठेवलं. कावळा लगेच शिवला.

मग तिने दुसरं पान वाढलं. म्हणाली, घराचा मूळ मालक तो, त्याला उपाशी कशाला ठेवायचं?

त्या पानाकडे कावळा ढुंकून बघेना.

भात वाळला. शिवत नाही म्हणजे इच्छा राहिलीय, हे आईचं पक्कं. दहाव्याला करतात तसे तिने हात जोडले.

"वकीलसाहेब, तुमची जी इच्छा असेल ती आम्ही पुरी करू."

अगं आई, इच्छा काय ते तरी विचार ना!

तेवढ्यात... सगळे कावळे गप्प झाले.

एकच खाली आला. घास घेतला नाही. नुसती चोच लावली आणि आमच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी माझी बायको आश्लेषा चहा ठेवायला गेली. गॅस पेटला... आणि विझला.

पुन्हा पेटवला... पुन्हा विझला. कुणी फुंकर घालावी तसा.

रिपेअरवाल्याच्या हाताने मस्त पेटला. तो गेला आणि विझला. देवापुढची समईसुद्धा टिकेना.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, व्हिटकॉम्बने जन्मभर वकिली केली ती बाहेरून आलेल्यांना हुसकावण्यासाठी. कोर्टात त्यांची घरं काढून घेतली, सिनेटमध्ये तसेच कायदे आणले. मरताना याच घरात बोलला, माझ्या छपराखाली परक्याची चूल पेटू देऊ नका.

आणि आम्ही शब्द देऊन बसलो होतो. तोही वकिलाला!

आई पुन्हा पान घेऊन गेली. शब्द मागे घेते म्हणाली, रडली.

कावळा आला नाही. आम्ही पुढच्या दाराशी आलो तर... आमची पाटी पायरीवर होती. स्क्रू नीट काढून शेजारी ठेवलेले.

घर विकलं. हलकट वकील जिंकला. अजून माझं डोकं फिरतं.

आता अपार्टमेंटमध्ये राहतो. गॅस पेटतो.

पण यंदा बाबांच्या पानाला कावळा शिवला नाही. समोरच्या तारेवर बसले होते... एकही हलला नाही. इच्छा पुरी करू, असं म्हणायला आई धजेना. नुसती हात जोडून उभी.

आम्हाला दुसरं घर तरी मिळालं. बाबांना त्याने कुठे हाकललं असेल?