ग्रंथपालबाईंची गुणी गाडी

“सोमवारी तुझ्या ताईला डोंगरापलीकडच्या इस्पितळात रुजू व्हायचंय, चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय, आणि तू गाडीखाली लोळतेयस!” भाऊजी करवादले.

गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते. ते भाऊजींच्या धाकट्या मेहुणीचे. मेहुणी खासगी तपासनीस होती. विम्यासाठी लोकांनी घडवून आणलेले अपघात ती चुटकीसरशी उघडे पाडायची, म्हणून घरात सगळे तिला फौजदार म्हणत. भाऊजी तिला जुनी गाडी पारखायला हौसेने घेऊन आले होते आणि आता कपाळाला हात लावून उभे होते.

“भाऊजी, घाटात ती एकटी गाडी हाकणार. तुम्ही नाही,” खालून आवाज आला. “मागच्या वेळी घाईघाईत फ्रीज आणलात, त्यात आता आपण चपला ठेवतो.”

भाऊजींनी उगाच टायरला लाथ मारून बघितली. वर्मी बाण बसला की माणूस टायरच तपासतो.

गाडी निवृत्त ग्रंथपालबाईंची होती. बाई इतक्या बुटक्या, की सीट अगदी पुढे ओढून, वर पाठीला उशी घेऊन त्या गाडी चालवत. “माझ्याशिवाय कुणीही चालवलेली नाही हो. घर आणि वाचनालय, वाचनालय आणि घर! दरवर्षी सर्व्हिसिंग. ही सगळी बिलं.”

“बघ! तारीखवार लावलीयेत!” भाऊजींचे डोळे पाणावायचेच बाकी होते.

“बिलं कळली,” फौजदार कपडे झटकत उठली. “आता गाडीला विचारू.”

ती चालकाच्या सीटवर बसली आणि सीट मागे ढकलली. सर्रकन टोकापर्यंत गेली. पुढे ओढली, सर्रकन पुढे आली. ज्या लोखंडी पट्ट्यांवर सीट सरकते त्या टोकापासून टोकापर्यंत चकाकत होत्या. मग तिने शेजारची सीट ढकलली. ती ढिम्म! पार मागे जाऊन गंजून बसली होती.

“एक सीट तरी मऊ सरकते ना? झालं तर!” भाऊजी म्हणाले.

फौजदारने नुसतं पाहिलं. शेजारच्या सीटपुढची मॅट कोरी करकरीत होती. ती तिने उचलली. खाली पत्र्यात चार भोकं, लांबीचा लगदा भरून बुजवलेली.

“कंपनीचीच असतील,” भाऊजी.

“कंपनी लांबी भरून गाड्या विकते?”

भाऊजींनी घड्याळाकडे बघून मोठा सुस्कारा सोडला. फौजदार पेडलांवर बोट फिरवत होती. ॲक्सिलरेटरचं रबर नव्यासारखं. क्लचचं मात्र झिजून साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

तेवढ्यात बाईंचा भाचा चहा घेऊन आला. ताडमाड उंच, दारातून वाकून यावं लागलं त्याला. विक्रीचं सगळं तोच बघत होता.

“तुम्ही चालवता का ही?” फौजदारने विचारलं.

“या काडेपेटीत? गुडघे तोंडाला लागतात माझे! नाइलाज म्हणून सकाळी फाटकापर्यंत नेतो आणि आणतो, बस्स.”

“बॅटरी उतरू नये म्हणून हो,” बाई कौतुकाने म्हणाल्या. “रोज न चुकता. मी फिरायला गेले की हा गाडी काढतो. गुणी पोर.”

गाडीचं सर्व्हिसिंग व्हायचं ते गॅरेज समोरच होतं. दोघं तिकडे गेले. तिथला मिस्त्री लहानखुरा, हडकुळा. क्लचचं नाव काढताच तो हात पुसत इकडेतिकडे बघू लागला.

“प्लेट बदलली होती. मागच्या सर्व्हिसिंगला. त्याच्या आदल्यालाही. म्हणजे… दरवेळीच.”

“चोर सापडला! खोटी बिलं!” भाऊजी फौजदारच्या कानात कुजबुजले. कुजबुज रस्त्यापलीकडे ऐकू गेली.

“चोर कुणाला म्हणता?” मिस्त्री उसळला. त्याने कोपऱ्यातून काळ्याठिक्कर जळक्या प्लेटा आणून धाडकन आपटल्या. “या बघा! बाईंचा पाय क्लचवरून हलत नाही, पण सांगू कसं? शाळेत असताना त्यांनीच मला वाचायला लावलं. मीटर खरं आहे, इंजिन कोरं आहे. पण क्लच मात्र दरवर्षी भाजून निघतो.”

परत येताना भाऊजी वैतागले. “बिलं खरी, मीटर खरं, मिस्त्री खरा! मग खोटं कोण? मी?”

“चला, गाडी फिरवून बघू,” फौजदार म्हणाली.

भाऊजींनी चाक धरलं, भाचा गुडघे दुमडून शेजारी बसला, फौजदार मागे. प्रत्येक ब्रेकला पायाशी ‘टुक’ असा आवाज येई.

“हा टुक कसला?”

“खडा असेल एखादा,” भाचा म्हणाला.

वळणावर गल्लीतून एक स्कूटर सुसाट आली. भाऊजींना ती दिसायच्या आधीच भाच्याचा डावा पाय जमिनीवर आपटला, लगोलग उजवा. हात थेट चाकावर आला. “आधी आरसा, मग वळण!” तो खेकसला. मग ओशाळून म्हणाला, “सॉरी. घाबरलो.”

“भाऊजींच्या शेजारी बसून कुणीही घाबरेल,” मागून फौजदार म्हणाली. “घरी चला. मिस्त्रींनाही बोलवा.”

बैठकीत सगळे जमले. फौजदारने चहा संपवला आणि म्हणाली, “बाई, तुमच्या गाडीत शिकवणी चालते.”

“कसली शिकवणी?”

“ड्रायव्हिंगची.”

भाऊजींचा आ वासला तो मिटेना.

“एकच माणूस गाडी चालवत असेल तर सीट एकाच जागी राहते आणि पट्टीचा उरलेला भाग गंजतो. बाईंची सीट कायम पुढे. तरी पट्टी टोकापर्यंत चकाकते, म्हणजे बुटके, मध्यम, उंच असे ढीगभर लोक तिथे बसून गेले. शिकाऊ माणूस क्लच सोडतच नाही आणि ॲक्सिलरेटर दाबायला भितो. रबरं तेच सांगतात. मीटर खरं, कारण गाडी मोकळ्या मैदानात गोल गोल फिरते. अंतर जेमतेम, पण क्लचची राख.”

“आणि ती भोकं?” भाऊजींनी विचारलं.

“शिकवणाऱ्याच्या जादा पेडलांची. तो शेजारी बसतो. आता शेजारची सीट पार मागे गंजलीये, म्हणजे तिथे रोज एकच लांब पायांचा माणूस. मिस्त्रींचे पाय तिथून पेडलपर्यंत पोचणारच नाहीत.”

सगळ्यांच्या माना भाच्याकडे वळल्या.

“उंच असणं गुन्हा आहे का?” भाचा म्हणाला.

“नाही. पण घाबरलेला प्रवासी एक पाय आपटतो. तुम्ही दोन्ही आपटलेत, आधी डावा, मग उजवा. क्लच आणि ब्रेक! पेडलं काढलीत, सवय काढायची राहिली.”

भाचा पायांकडे बघत राहिला. “स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल काढायची होती. मावशी नाही म्हणेल म्हणून…”

“विचारलंस का कधी?” बाई कडाडल्या. “क्लचचे पैसे मी भरत होते, मेल्या! आणि हा मिस्त्री मनातल्या मनात मला अडाणी म्हणत होता!”

“पुढचं जास्त गंभीर आहे,” फौजदारचा आवाज चढला. “उतरल्यावर मी वाकून पाहिलं. जादा पेडल जोडायचा लोखंडी पट्टा ब्रेकच्या दांड्यावर तसाच राहिलाय, ढिला. टुक वाजतो तोच. उतारावर तो अडकला की ब्रेक दाबलाच जाणार नाही. माझी ताई असती त्या गाडीत.”

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. “आणि… चार वाजताचं गिऱ्हाईक?”

“नाहीये कुणी,” भाचा पुटपुटला.

“पट्टा आत्ता काढतो,” मिस्त्री उठला. “क्लच, ब्रेक, केबल, सगळं नवं. खर्च या लंबूचा. इंजिन मात्र खरंच कोरं आहे हं.”

“मग घ्यायची की नाही?” भाऊजी काकुळतीला आले. “फौजदार, एकदाचं सांगून टाक बाई!”

“मला काय विचारता? जी चालवणार तिला विचारलंत का आठवडाभरात एकदा तरी?”

भाऊजींनी निमूटपणे फोन लावला. सगळं ऐकून पलीकडून ताई एवढंच म्हणाली, “दुरुस्त होऊ दे. मग मी स्वतः डोंगर चढवून आणि उतरवून बघेन. पटली तरच.”

“मी येतो ना शेजारी!”

“शेजारी त्या लंबूला बसवा. तुम्ही मागे बसा, आणि तोंड उघडू नका.”