सोड म्हणेपर्यंत

मीनाक्षीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी दिल्लीच्या काश्मिरी गेटला गेलो, तो ब्रेकचं सामान आणायला. घरात पाहुणे, हॉलमध्ये रुखवत मांडलेलं, बायकोच्या, अलकाच्या, कपाळावर आठ्या, आणि वधूपिता पिशवीत व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ब्रेक ऑइलचा डबा घालून मयूर विहारला परततोय! पण लेकीचा हट्टच होता. पाठवणी फियाटमधूनच व्हायची आणि गाडी बाबांनीच चालवायची. चौसष्ट सालची ती गाडी मी खपून खपून उभी केली होती. रंग झाला, इंजिन झालं, ब्रेक मात्र अजून पेडल दोनदा मारल्याशिवाय लागत नसत. लेक-जावयाला घेऊन तशा ब्रेकवर निझामुद्दीन पूल ओलांडायचा म्हणजे आपल्या हातानं घात करून घ्यायचा. आज ब्रेक झाले नाहीत तर मुकाट्यानं टॅक्सी सांगायची, असं मी ठरवलं होतं. तरी खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी पोरासारखा हरखलो होतो.

गाडी घेतली होती पालमच्या द्वारकाबाईंकडून. त्यांचे यजमान सुभेदार हिंदुराव ब्रेकचंच काम करताना गाडीखाली गेले होते, हृदय बंद पडून. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा निपल उघडायचा, हवा जाऊ द्यायची, निपल आवळायचा आणि मग म्हणायचं, सोड. त्याआधी पाय उचलला तर गेलेली हवा पुन्हा आत येते. त्या दिवशी द्वारकाबाई पेडलवर होत्या. शेजारीपाजारी जमून त्यांना ओढून बाहेर काढेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

"सुभेदार 'धर' म्हनले," गाडीची किल्ली देताना त्या मला म्हणाल्या होत्या. "'सोड' म्हनलेच न्हाईत. मग म्या कशी सोडनार?"

बोलताना त्यांच्या तोंडाला मशेरीचा वास येत होता. गेल्या पावसाळ्यात त्याही वारल्या.

जुने सिलिंडर काढून नवे बसवेपर्यंत धुकं पार्किंगमध्ये शिरलं. डिसेंबरातलं आमच्याकडचं धुकं दिवसाढवळ्या येतं आणि घरच्यासारखं पसरतं. मी जिन्यातून अलकाला हाक मारली. "अगं, पेडल दाबायला ये. पाचच मिनिटं."

"पाहुण्यांना चहा देते. तुम्ही व्हा पुढे, आलेच."

मी हातदिवा घेऊन ठोकळ्यांवर चढवलेल्या गाडीखाली सरकलो. ब्रेक ऑइलचा तो कडवट वास आणि पाठीला गार फरशी. जरा वेळानं वर दार उघडलं, सीटची स्प्रिंग कुरकुरली, दार लागलं.

"आलीस? दाब." पेडल दाबलं गेलं. "धर." मी निपल उघडला. नळीतून बुडबुडे बाटलीत उतरले. निपल आवळला. "सोड." पेडल वर आलं.

काय जमलं होतं म्हणून सांगू! दाब म्हटलं की दाब, धर म्हटलं की धर. एक प्रश्न नाही, एक टोमणा नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं माझं इतक्या मुकाट्यानं ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण मी खालच्या खाली सरकत एकेक चाक उरकत होतो, बुडबुडे कमी होत होते, आणि मला उद्याची फुलांनी मढवलेली गाडी दिसत होती.

शेवटच्या चाकाशी आलो तेव्हा वास आला. मशेरीचा.

"मशेरी कोण लावतंय गं?"

असेल एखादी मावशी, म्हणून मी निपल उघडला. नितळ तेल आलं, एकही बुडबुडा नाही. जिंकलो आपण! निपल आवळून मी म्हटलं, "सोड."

चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरेना. पेडल अजून दाबलेलंच होतं.

"अलका, सोड ना…"

जिन्यात चपला वाजल्या. "अहो, आलेच हं. चहा घेऊनच आले. माझ्याशिवाय सुरू नाही ना केलंत?"

मी कोपर खरवडत बाहेर आलो. सीट रिकामी होती. पेडल खाली पत्र्याला टेकलेलं होतं. मागचा ब्रेकचा दिवा धुक्यात लाल पेटला होता. अलकानं तो पाहिला आणि कपबशी फरशीवर ठेवून ती काचेतून आत डोकावली.

"अहो… आत कोण आहे?"

"द्वारकाबाई," मी म्हणालो. "काकू… झालं काम. सोडा आता."

पेडल हललं नाही.

"तुमचं कशाला ऐकतील त्या?" अलका कुजबुजली. "ज्यांनी धर म्हटलं, त्यांनीच…"

आणि गाडीखाली, जिथून मी नुकताच बाहेर आलो होतो तिथे, पान्हा फरशीवर वाजला. पुरुषाचा जाड, थकलेला आवाज आला.

"सोड, द्वारके."

पेडल सावकाश वर आलं. कुणी उठावं तशी स्प्रिंग कुरकुरली. दिवा विझला. अलकाला रडू फुटलं. "सुटली हो बिचारी," ती म्हणाली आणि तिनं रिकाम्या सीटला हात जोडले. मला भीती वाटली होती, पण त्याहून जास्त आनंद झाला होता. दोन जीव भेटले, आणि तेही आपल्या गाडीपाशी! ठोकळे काढून पार्किंगमध्ये फेरी मारून पाहिली. पाय टेकताच गाडी जागच्या जागी थांबत होती. टॅक्सीचा विचार मी सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या सदनाच्या हॉलमध्ये लग्न थाटात लागलं. संध्याकाळी मी मीनाक्षी आणि आमच्या जावयाला, अविनाशला, घेऊन नोएडाला निघालो. निझामुद्दीन पुलावर यमुनेतून धुक्याचे लोटच्या लोट येत होते. एकदम समोर ट्रक दिसला, उभा, बिनदिव्याचा. मी पाय उचलतोय तोच पेडल खाली गेलं आणि गाडी ट्रकच्या हातभर अलीकडे थांबली.

"बाबा, क्या ब्रेक हैं, यार!" मीनाक्षी मागून हसली.

माझा पाय अजून हवेतच होता. गाडीत झेंडूच्या फुलांचा वास होता आणि त्यात मशेरीचा. मग पायाखालच्या पत्र्याखालून, अगदी हळू, ऐकू आलं.

"धर."

समोरचा ट्रक चालू होऊन निघून गेला. रस्ता मोकळा झाला.

"बाबा, चला ना. असे काय थांबलात?"

मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. "सोडा, काकू… माझी लेक आहे गाडीत," मी पुटपुटलो. मागे धुक्यातून दुसऱ्या कुठल्या ट्रकचा हॉर्न जवळ जवळ येत होता, आणि मी कान लावून बसलो होतो, पण खालून 'सोड' काही ऐकू येत नव्हतं.