हिरवे आकडे

"टेकू नका, रंग ओला…" तो म्हणाला. तोवर मी टेकले होते.

तेर रूज गावात बस बंद पडली होती, भुरभुर पाऊस सुरू झाला होता आणि मी एका दुकानाच्या वळचणीला उभी होते. भिंतीला लावून ठेवलेल्या पाटीवरची अर्धी निळी अक्षरं आता माझ्या पाठीवर उतरली होती.

"आधी सांगता येत नाही?"

"आधी तुम्ही अशा रागात आलात की… भीती वाटली."

भीती कसली, हसत होता मेला. हातात कुंचला, कानामागे पेन्सिल. एक्याऐंशी सालच्या त्या जुलैत मी आधीच पेटलेली होते, कारण रिव्हिएर दू रांपार गावात बलरामकाका मला नुकतेच हसले होते.

बलरामकाका म्हणजे निवृत्त मास्तर. आमच्या बेटावर जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स जमवणारे जे मूठभर लोक, त्यांच्यात त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या बाबांचा आमच्या गावी, बो बासेंला, फोटो स्टुडिओ होता. बाबा गेले, स्टुडिओ बंद झाला, लेन्स माझ्याकडे राहिल्या. लोकांना त्या सगळ्या सारख्या दिसतात. मला नाही दिसत. काच तीच, जर्मनीतला कारखाना तोच, पण एका वर्षीच्या कड्याला बारीक दाते, पुढच्या वर्षी रुंद. तोंडाची कड आधी चांदीसारखी, मग काळी. अंतराचे आकडे कोरलेले असतात, मीटरचे पांढरे आणि फुटांचे तांबडे, नंतर पिवळे. फरक सगळा पोशाखाचा, पण जमवणाऱ्यांचा जीव त्याच पोशाखात. आणि बाबांच्या एका लेन्सवर फुटांचे आकडे चक्क हिरवे होते. तसे कुणीच कधी पाहिले नव्हते.

काकांनी ते मानलं असतं, तर इंग्लंडच्या मासिकात त्यांनी ते बाबांच्या स्टुडिओच्या नावासकट लिहिलं असतं. मला तेवढंच हवं होतं. पण काका म्हणाले, "कुंती, बुरशी आहे गं ती. आपल्या दमट हवेत लेन्सवर काय काय उगवतं."

हे सगळं मी त्या अनोळखी रंगाऱ्याला तावातावाने ऐकवलं. कुणाला तरी ऐकवायलाच हवं होतं.

"बघू?" त्याने हात पँटला पुसले. लेन्स उजेडात तिरपी धरली. बराच वेळ बघत राहिला. "रंग आहे हा. बुरशी अशी आकड्याच्या कडेशी येऊन थांबत नाही. यात काळा घातलाय थोडा, आणि किंचित पिवळा."

"तुम्हाला काय कळतं लेन्सचं?"

"लेन्सचं काही नाही. रंगाचं मात्र पोट भरण्यापुरतं कळतं."

माझ्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस. आणि त्याच्यासमोर मला रडू येऊ लागलं, म्हणून त्याचाही राग आला.

त्याचं नाव यशपाल. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, भाद्रपदात गावातल्या गणपतींचे डोळे रेखायचा. पुढच्या शनिवारी माझ्या ब्लाउजवरचा डाग काढायला टर्पेंटाइन घेऊन बो बासेंला आला. डाग गेला नाही. तो मात्र दर शनिवारी येत राहिला. आई दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत भाजी निवडायची, आणि आम्ही बंद स्टुडिओत, दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यांत पुरलेल्या लेन्स काढून वर्तमानपत्रावर मांडायचो.

"हे दोन पिवळे एक नाहीत."

"एकच आहेत," मी म्हणाले.

"हा हळदीचा, हा पिकल्या आंब्याचा. इथे खिडकीशी ये. गेत ब्यें, नीट बघ."

मी खिडकीशी गेले. पिवळे खरंच वेगळे होते. इतकी वर्षं मला दिसलं नव्हतं, याचा संताप आला. मान वर केली तर तो लेन्सकडे बघतच नव्हता.

"लेन्स इकडे आहे."

"हो का? आयो… सोरी."

सॉरीचा मागमूसही नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. माझे कान तापले. ते मात्र रागाने नव्हते तापले.

मग त्यानेच युक्ती काढली. लेन्सवरचा हिरवा हुबेहूब कालवून एका पुठ्ठ्यावर लावायचा, शेजारी खरी बुरशी आलेली काच ठेवायची, म्हणजे काकांना फरक दिसेल. बलरामकाका चतुर्थीनंतर आमच्याकडे यायला कबूल झाले होते. त्यासाठी मी लेन्स यशपालच्या हाती दिली. बाबा गेल्यापासून ती एक रात्रही घराबाहेर राहिलेली नव्हती.

चतुर्थीला आईबरोबर यशपालच्या घरी दर्शनाला गेले. त्यांच्या घरी गणपतीपुढे पोटापाण्याची हत्यारं मांडतात, आणि त्याआधी ती नवी करतात. कुंचल्यांच्या दांड्यांना वॉर्निश, डब्यांना नवा रंग. जुनंपानं देवापुढे ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत. त्या कुंचल्यांच्या शेजारी जास्वंदीच्या फुलावर माझी लेन्स होती. फुटांचे आकडे सकाळी उगवलेल्या गवतासारखे ताजे हिरवे.

देवासमोर ओरडता येत नाही. त्याच्या आईने हातावर मोदक ठेवला, तो खाल्ला. दुसरा ठेवला, तोही खाल्ला. मग घरामागे, उसाच्या कडेला, मी त्याला गाठलं.

"काय केलंस हे?"

"तुझी वस्तू माझ्या वस्तूंशेजारी मांडायची होती." तो लाजत होता, आणि मला त्याला ढकलून द्यावंसं वाटत होतं. "तोच रंग आहे, कुंती. रात्रभर कालवला."

"जुना कुठे आहे?"

"पोपडे आले होते. पोपड्यांवर रंग भरत नाहीत… सुईने काढून टाकला."

"तोच तर पुरावा होता, गाढवा. कारखान्यात भरलेला रंग. आता त्या खाचांत काय आहे? तू आहेस."

त्याचा चेहरा उतरला. मी लेन्स उचलली आणि आईला ओढत घरी आणलं.

रविवारी बलरामकाका आले. त्यांच्या पाठोपाठ यशपालही आला. दारातच म्हणाला, "मी सांगतो त्यांना."

"तोंड उघडू नकोस," मी म्हणाले. काय सांगायचं ते माझंच ठरलं नव्हतं.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं. चतुर्थीनंतर पुन्हा हात फिरवून तो रंग जुना दिसेल असा करायची संधीही मी यशपालला दिली नव्हती. तरी काकांना संशय आला नाही, मी वरचा मळ पुसला असेल असंच त्यांना वाटलं असावं, इतकं ते काम साफ होतं.

"मो फिन पेर्दी. हरलो मी, पोरी. हिरवाच आहे. आजच मासिकाला लिहितो, तुझ्या बाबांच्या नावाने."

मला गप्प राहायचं होतं, बस्स. एवढं सोपं होतं.

पण काका थांबले नाहीत. "आणि हात बघ त्या कारखान्यातल्या रंगाऱ्याचा. एक रेघ बाहेर नाही. कोण गोरा असेल, देव जाणे. नाव नाही की गाव नाही."

यशपाल दाराशी खाली मान घालून उभा होता. ते कौतुक त्याचं होतं, आणि ते जर्मनीतल्या कुणा भलत्याच्या पदरात चाललं होतं. माझं डोकं फिरलं.

"गोरा नाही, काका. तेर रूजचा आहे. हा उभा आहे समोर. मागच्या आठवड्यात भरलाय याने."

काकांनी भिंग खाली ठेवलं. आमच्या दोघांकडे पाहिलं. "खाली हिरवा होता?"

"होता. पण आता मी दाखवू शकत नाही."

"मग मला लिहिता येणार नाही, कुंती."

"नका लिहू."

त्यांनी टोपी घातली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले.

"का सांगितलंस?" यशपालने विचारलं. "झालं होतं ना सगळं… बाबांचं नाव छापून येत होतं."

"तुझं काम दुसऱ्याच्या नावावर गेलेलं मला बघवलं नाही. बाबांच्या नावाहून मला तुझं नाव जास्त मोलाचं वाटलं, आणि याचाच मला इतका राग येतोय की…"

"की?"

"तुला कळत नसेल तर जा परत. पाट्या रंगव."

"कळलं. पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर. झालं? आता हसलास तर काहीतरी फेकून मारीन."

तो हसला. मी लेन्स टेबलावर जपून ठेवली आणि मारायला दुसरं काही शोधू लागले. जमलं नाही, माझे दोन्ही हात त्याने धरले होते.