बॉल माझ्याकडे नसताना

बॉल लाइनच्या बाहेर चालला होता आणि मला तो जाऊ द्यायचा नव्हता. मी झेप घेतली, हवेतच तो आत ढकलला आणि पुढच्याच क्षणी कशावर तरी धाडकन आपटले. डोळे उघडले तर मी जमिनीवर, एक ट्रायपॉड माझ्या अंगावर, आणि चष्मा लावलेला एक उंच मुलगा कॅमेरा पोटाशी घट्ट धरून उभा.

"लागलं नाही ना?"

"मला विचारतोयस की कॅमेऱ्याला?"

तो जरा विचारात पडला. "तुला... कॅमेरा मी बघितला. ठीक आहे."

रागवायचं मी पक्कं ठरवलं होतं, पण हसू आलं.

तो शाळेत नवा होता. माझ्यासारखाच शेवटच्या वर्षाला. मामाच्या फोटो स्टुडिओत हाताखाली काम करायचा, म्हणून सरांनी त्याला आमच्या मॅच शूट करायला पकडून आणलं होतं. टीमनं लगेच त्याचं बारसं केलं – चष्मिष. माझं बारसं आधीच झालेलं होतं. उंची बेताची आणि तोंड तिखट, म्हणून मी लवंगी.

मला कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं होतं. नदीपलीकडच्या शहरात एक कॉलेज होतं, तिथल्या मुली राज्यात पहिल्या यायच्या. पण निवड करणारे लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेकडे, आणि पुढच्या मुलीकडे वळायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणायचे, "वर जायला उंची कशाला लागते? बटणापर्यंत हात पोचला की झालं." मी हसायचे... पण रात्री कूस बदलत राहायचे.

चष्मिषला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सराव संपला की तो वायर गुंडाळत बसायचा आणि मी बुटांच्या नाड्या सोडत. मुद्दाम हळूहळू.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. बाहेर पाऊस लागला होता आणि पत्र्यावरच्या आवाजामुळे त्याला जवळ सरकावं लागलं. "बॉल तुझ्याकडे नसतो तेव्हा तू एवढी ओरडत का असतेस?"

"मैत्रिणीला मागचं दिसत नाही ना. तिच्या मागून कोण येतंय, कुठे जागा मोकळी आहे, ते मी सांगते."

"म्हणजे तू सगळ्यांची पाठ सांभाळतेस?"

असं मला कोणीच कधी म्हटलं नव्हतं. मी नाडीची गाठ उगाच परत बांधली.

"आणि तुझी पाठ?" त्यानं विचारलं.

"माझी मी सांभाळते."

"हं," तो म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

मग त्या कॉलेजच्या कोच मॅडमचा निरोप आला. निवड चाचणीला बोलवायच्या आधी त्यांना एका अख्ख्या मॅचचं शूटिंग हवं होतं, कुठेही न कापलेलं. आधीच्या मॅचचे नुसते तुकडेच होते आणि आता एकच मॅच उरली होती – आंतरशालेय फायनल. सरांनी चष्मिषला बजावलं, "सगळं आलं पाहिजे." त्यानं मान हलवली.

ती फायनल आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटात मी समोरच्या टीमच्या कॅप्टनच्या हातातून बॉल काढून आमच्या सेंटर खेळणाऱ्या उंच मुलीला दिला आणि तिनं तो आत टाकला. सगळ्यांनी तिला उचललं. मीही तिचा एक पाय धरला होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत त्यानं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर मी होते. मी धावत होते, हात पसरून अडवत होते, ओरडत होते, घाम पुसत होते. बॉल मधेच कुठून तरी यायचा आणि निघून जायचा. एकही बास्केट धड दिसत नव्हती. ती शेवटचीसुद्धा नाही.

"बॉल कुठे आहे?" मी विचारलं.

तो चष्मा पुसायला लागला.

"बास्केट कुठे आहे? स्कोअर कुठे आहे? ही मॅच आहे की माझी मिरवणूक?"

"मी... बॉलच्या मागे कॅमेरा न्यायचो, पण तो परत..." त्याचे कान लाल झाले. "सॉरी."

"तुझ्या सॉरीवर मला कोणी टीममध्ये घेणार नाही."

मी दार आपटून निघाले. पण दुसरं शूटिंग होतंच कुठे? घरी येऊन मी तेच पाठवून दिलं, अगदी डोळे मिटून. त्यानंतर शाळेत तो समोरून आला की मी वाट बदलायचे. तो मात्र प्रत्येक वेळी थांबायचा.

फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. माझे हात खरकटे म्हणून बाबांनी स्पीकर लावला.

"शूटिंग कोणी केलं?" मॅडमचा आवाज करडा होता.

"एका... मूर्खानं, मॅडम. मी माफी..."

"त्या मूर्खाला माझे आभार सांग. सगळ्या मुली मला बास्केट पाठवतात. बॉल हातात असताना कोणीही बरं दिसतं. तो नसताना कोण काय करतं ते मला बघायचं असतं आणि ते कोणी दाखवत नाही. तू एकदाही उभी राहिली नाहीस. रविवारी चाचणीला ये."

बाबा फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो मूर्ख राहतो कुठे?"

रविवारी मला त्यांच्या सगळ्यात उंच मुलीसमोर उभं केलं. पहिल्यांदा ती माझ्यावरून सहज गेली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी वर तिच्या खांद्याकडे पाहिलंच नाही, खाली बॉलकडे पाहिलं. बॉल जमिनीवर आपटून तिच्या हाताकडे परत निघतो, तेवढ्यात तो उचलला... आणि सुटले. नंतर तर तिला बॉल माझ्यापासून लपवायला पाठ फिरवावी लागत होती. शेवटी दोन संघ पाडून मॅच खेळवली. त्यात अनोळखी मुलींना मी घसा बसेपर्यंत ओरडून जागा सांगितल्या आणि त्या खरंच तिथे पोचत गेल्या. माझा संघ जिंकला. मॅडम माझ्यापर्यंत चालत आल्या. "जूनपासून सकाळी सहाला सराव असतो. उशीर चालत नाही."

मला हो म्हणायलाही आवाज उरला नव्हता. मी नुसती मान हलवत राहिले.

बाहेर रस्ता ओला होता. फाटकाशी बाबांची स्कूटर होती, आणि थोडा दूर, छत्रीखाली, चष्मिष. बाबांनीच त्याला शोधून बोलावलं होतं.

"घेतलं मला," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मला माहीत होतं."

"तुला बास्केटबॉल कळतं तरी का?"

"नाही." त्यानं चष्मा काढला. "पण तू कळतेस... थोडी. बॉल कुठे गेला ते मला खरंच दिसलं नाही. तू असताना मला दुसरं काही बघता येत नाही."

मी त्याच्या छत्रीत शिरले. "मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "आणि मी जूनमध्ये जाणार आहे. दोन्ही खरं आहे."

"पूल आहे ना नदीवर," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. बाबांनी हॉर्न वाजवला, मग आमच्याकडे पाहिलं, आणि स्कूटरचा कुठला तरी नट तपासायला सावकाश खाली वाकले.