भावाच्या तीन बाटल्या

प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या दाराला आम्ही दोघांनी एकाच वेळी हात घातला, आणि त्याची गार बोटं माझ्या मनगटाला लागली.

"सॉरी... खालच्या मजल्यावरचं आमचं कपाट बिघडलंय. माझ्या पेशींना एक फळी मिळेल?"

"मिळेल. पण आमच्या म्हाताऱ्यांना धक्का लावायचा नाही."

"म्हाताऱ्यांशी माझं छान जमतं," तो म्हणाला आणि हसला.

पेशी म्हाताऱ्या का होतात, हे शोधायचं आमच्या प्रयोगशाळेचं काम. साखर कमी दिली तर त्या जास्त दिवस तग धरतात का, ते मी बघायचे. त्याच्या तीन बाटल्यांत मात्र त्याच्या थोरल्या भावाच्या स्नायूंच्या पेशी होत्या. अन्नातून पुरेशी ताकद काढणं त्या पेशींना जमतच नव्हतं. भाऊ जेमतेम पस्तिशीचा, पण एक जिना चढला की भिंत धरून उभा राहायचा.

"या नुसत्या साखरेवर जगतात. भराभर खातात," त्यानं मला दाखवलं. "बाटलीतलं हे गुलाबी पाणी पिवळं पडलं की साखर संपत आली समजायचं. तेव्हा बदललं नाही, तर मरतात."

मग तो रोज येऊ लागला. मी घड्याळाकडे बघायला लागले, आरशाकडेही. पण आल्या आल्या तो जायचा तो मैनाच्या टेबलाकडे. अखंड बडबडते म्हणून आम्ही तिला मैना म्हणायचो. माझी जिवलग मैत्रीण. दोघं डोकं डोक्याला लावून काहीतरी वाचायचे, खुसखुसायचे. मी आले की... दोघंही गप्प. माझा नुसता तिळपापड व्हायचा. मैनाचं हसणं मला पूर्वी किती आवडायचं!

एका शनिवारी मैना म्हणाली, "तो भावाला घेऊन दवाखान्यात गेलाय. पेशींना खाऊ घालायचं मला सांगितलंय, पण मला जरा बाहेर जायचंय. तू करशील?"

सांगितलं तिला. मला नाही.

"करीन," मी म्हणाले. कपाट उघडलं. पाणी पिवळसर दिसत होतं. मी दार लावलं आणि घरी निघून गेले.

रविवारी सकाळी चहा अर्धा टाकून उठले. धावत गेले, तर तिन्ही बाटल्या लिंबासारख्या पिवळ्या. दोनमधल्या पेशी सुटून तरंगत होत्या. तिसरीत थोड्या चिकटून होत्या. पाणी बदललं आणि दिवसभर तिथेच बसून राहिले.

सोमवारी मी त्याला सगळं सांगितलं. विसरले, असं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं.

"मुद्दाम?"

"हो."

"त्या काढायला दादाच्या मांडीत सुई घातली होती," एवढंच बोलून तो गेला. आठ दिवस फिरकला नाही. तिसरी बाटली मी डोळ्यांत तेल घालून जपली. हळूहळू पेशी वाढल्या.

नवव्या दिवशी तो आला, ते भावाला घेऊन. भाऊ लिफ्टनं येऊनही दमला होता. मी खुर्ची दिली. त्यानं सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या पेशी बराच वेळ पाहिल्या.

"मला उपाशी ठेवलंस ती तूच का?" त्यानं विचारलं.

मला मान वर करता येईना. "माफ करा, दादा."

"यानं घरी सांगितलं तेव्हा हा चिडला होता. मग म्हणतो, दादा, पण तिनं असं का केलं असेल?" भाऊ हळूच उठला. "मी मैनाकडे बसतो. तू सांग त्याला."

तो समोर उभा होता.

"तुम्ही दोघं... हसायचात," मी म्हणाले. "मला बघवत नव्हतं."

"मैना मला आवडायची. दोन महिने. तिनं सरळ 'नाही' म्हणून सांगितलं, त्यालाही महिना झाला. आता नुसती मैत्री."

ते ऐकतानाही आत सुई टोचलीच.

"आणि आता?"

"रागावलोय तुझ्यावर. अजूनही." तो टेबलाशी वाकून बाटली बघू लागला. "पण आठ दिवस मला मैना एकदाही आठवली नाही. तूच... सारखी तूच."

पलीकडून मैनाचं हसणं ऐकू आलं. मी चटकन त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वळूनही बघितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याची बोटं माझ्या बोटांशेजारी येऊन टेकली होती.