पहिली बास्केट पडेपर्यंत

फेब्रुवारीतली शनिवारची दुपार. लार्कफील्ड कॉलेजच्या बास्केटबॉल स्टेडियमबाहेर वाहनतळ रिकामा होता. मधोमध, ट्रकच्या मागे शेगडी पेटवून एक तरुण बर्फाच्या भुरभुरीत सॉसेज भाजत होता. अंगात नारिंगी स्वेटर. म्हणजे आज पाहुण्या असलेल्या टॅमरॅक कॉलेजचा... फुटबॉलवाला.

"बाकीची मंडळी कुठे आहेत?" त्याने स्टेडियमकडे निघालेल्या मॅरेनला विचारलं.

"घरी. सामन्याला तीन तास आहेत."

"आमच्याकडे फुटबॉलच्या सामन्याआधी एव्हाना वाहनतळावर हजार शेगड्या पेटतात."

"बास्केटबॉल छपराखाली खेळतात हो. आमचे लोक घरून जेवून येतात."

त्याचे कान स्वेटरच्या रंगाचे झाले. त्याने पावात सॉसेज घालून तिच्यासमोर धरलं. नाव कोल्टर, चारशे मैल गाडी चालवत आला होता.

मॅरेन लवकर आली होती, कारण बाबा लवकर यायचे. ते ऑक्टोबरात गेले. तेव्हापासून शेजारच्या खुर्चीवर त्यांचा कोट ठेवून ती सामने बघत होती. उन्हाळ्यात फुटबॉलची कॉलेजं लीग सोडून वेगळी होणार होती. बास्केटबॉलवर जगणारी लार्कफील्डसारखी मागे उरणार होती. बाबांनी त्याविरुद्ध वर्तमानपत्राला शेवटपर्यंत रागाची पत्रं लिहिली. टॅमरॅक इथे आज शेवटचं खेळणार होतं.

यातलं तिने त्याला बरंच सांगितलं... का, कोण जाणे. हेही सांगितलं, की लार्कफील्डची पहिली बास्केट पडेपर्यंत इथे कुणी बसत नाही. एकदा बाबा दुखऱ्या गुडघ्यावर नऊ मिनिटं उभे होते.

"नऊ?" तो म्हणाला. "मग चांगलेच हट्टी होते."

"होते." तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

सामना सुरू झाला. लार्कफील्डचा चेंडू काही केल्या जाळीत पडेना. तीन मिनिटं गेली, चार गेली... मॅरेनने सहज वर पाहिलं. अगदी वरच्या रांगांत नारिंगी माणसं आरामात बसलेली, आणि त्यांच्यात एकटा कोल्टर उभा. मागचे खाली बस म्हणून ओरडत होते, कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी फेकली. तो खाली तिच्याकडे बघत होता आणि बसत नव्हता.

सहाव्या मिनिटाला बास्केट पडली. सगळं स्टेडियम बसलं. मॅरेन मात्र उभीच राहिली. तिने शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलून घडी केली, छातीशी धरला, आणि वर हात केला — ये.

लार्कफील्ड एका गुणाने हरलं. शेजारी येऊन बसलेल्या कोल्टरला आनंद लपवता येईना, आणि ती त्याला तो लपवूही देईना.

वाहनतळावर शेगडी केव्हाच विझली होती. "म्हणजे आता आमचं इकडे येणं संपलं," तो किल्ल्यांशी चाळा करत म्हणाला.

"नोव्हेंबरात पुढच्या हंगामातला आमचा पहिला सामना आहे. शेजारची खुर्ची रिकामी असेल."

"पण आमचा संघ तर—"

"संघाला कोण बोलावतंय?" मॅरेन म्हणाली. "आणि येताना जेवून येऊ नकोस. शेगडी आण."